डाव्या हाताची गाठ

डोन एलेउतेरिओ म्हणाला, एकाच हातातली गाडी आहे.
कुणाच्या हातातली, ते मी विचारलं नाही.

खुराड्याला टेकून उभी होती,
सीटवर कोंबड्यांची बरीच वर्षं साचलेली.
टाकीवरच्या होंडाचं पहिलं अक्षर गळून
मागे नुसतं ओन्दा उरलेलं.
आमच्याकडे ओन्दा म्हणजे लाट.
बेटावर हे नाव कशालाही चाललं असतं.

चिलोएच्या खाऱ्या हवेत
लोखंड भिजल्या पावासारखं फुगतं.
मडगार्डला बोट लावलं, बोट आरपार गेलं.
"तेवढ्यावाचून काही गाडी अडत नाही," तो म्हणाला,
आणि ते खरंच होतं.

मीटरवर एकतीस हजार.
मीटरची केबल केव्हा तुटली
ते देव जाणे आणि डोन एलेउतेरिओ जाणे,
त्या दुपारी दोघेही गप्प.

तो म्हणाला, तीन लाख पेसो.
मी चहा प्यायले.
तो म्हणाला, दोन ऐंशी, टायर तरी बघ.
मी टायर बघितले आणि दुसरा कप मागितला.
भिंतीच्या लाकडी खवल्यांवर एक सर वाजून गेली.
आतून त्याची बायको ओरडली,
देऊन टाक रे एकदाची,
तिच्या धाकानं कोंबड्या अंडी घालेनात.
दोन लाख दहा, आणि बटाट्याचं एक पोतं.
पोतं कुणी कुणाला द्यायचं,
ह्यावर आमचा अजून वाद आहे.

आचाओहून ढकलत आणली.
फेरीवर चढवताना ब्रेक लागले नाहीत.
उतरवताना लागले, ते सुटेनात.
मागे ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले,
फेरीवरच्या पोरानं मागचं चाक उचललं,
आणि दाल्काहुएत आम्ही दोघी
वरातीसारख्या उतरलो.

रात्री कारखान्यात शिंपले निवडायचे,
सकाळी भावाच्या उपड्या होडीशेजारी
गाडी उघडून बसायचं.
उघडत गेले तशी माणसं निघत गेली.
कुणी टाकीचं भोक साबणानं बुजवलेलं,
कुणी दुधाच्या खोक्याचं गॅस्केट कापलेलं
(आतल्या बाजूला अजून गाईचा एक कान),
कुणी शिलाई मशीनचा स्क्रू
नको तिथे पिळून बसवलेला.
एकाच हातातली म्हणे!
फोन केला तर एलेउतेरिओ म्हणतो,
माझ्या हातातली म्हणजे माझीच.
माझ्या आधीचं तू विचारलंस कुठे?

घोडं पेंड खात होतं कार्बुरेटरपाशी.
त्यातून वाळू निघाली, गंज निघाला,
आणि एक मुंगी, शाबूत.
कास्त्रोचा निबाल्दो सुटे भाग विकतो,
त्याहून जास्त तो मान हलवतो.
त्या महिन्यात मी त्याची मान
जवळजवळ विकतच घेतली.

राहिला पुढचा दिवा.
तो जाळ्याच्या दोरीनं बांधलेला,
डांबर पिऊन काळी झालेली दोरी,
गाठ उलटी: डावखुऱ्या माणसाची.
मी उजव्या हाताची.
सोडवायला गेले की आणखी घट्ट व्हायची.
शेवटी सुरीनं कापली,
दोन नवे बोल्ट लावले, चकचकीत,
आणि रस्त्यावर दिवा असा थरथरला
की समोरचं कुत्रं दोन दिसायला लागलं.

घरी आले. भावाची दोरी घेतली.
कापलेले तुकडे समोर ठेवून
डाव्या हातानं गाठ मारायला शिकले.
तीन संध्याकाळी गेल्या त्यात.
बोटं माझं ऐकेनात,
दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत होती.

आता कुत्रं एकच दिसतं.
किक मात्र एकविसाव्याला लागते,
गारठा असेल तर लागतच नाही,
म्हणून मी गाडी नेहमी
उताराकडे तोंड करून लावते,
आणि कामावर निघताना
घरातल्यांना हाक मारत नाही,
मारली तर ढकलायला येतात.